थंडीत मागवलेलं रोप: पार्सल उघडण्यापासून नवी मुळं फुटेपर्यंत

गोव्यात थंडी ती कसली, असं आपणच म्हणतो. जानेवारीत पणजीचा पारा पहाटे २० अंशांच्या आसपास उतरतो, सत्तरी-सांग्याकडे आणखी थोडा खाली जातो आणि अकरा वाजेपर्यंत पडवीत घाम फुटतो. त्यामुळे डिसेंबरात ऑनलाइन रोपं मागवताना थंडीचा विचार मनात येत नाही. पण रोप आपल्या दारात येण्याआधी चार-सहा, कधी नऊ दिवस वाटेत असतं. ती वाट आपल्या हवेची नसते. नव्याने मागवणाऱ्याने आधी या वाटेचा विचार करावा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं पहिलं ॲग्लोनेमा, म्हणजे घरात ठेवायचं रंगीत पानांचं रोप, जानेवारीत बंगालकडून आलं. नऊ दिवस लागले. पार्सल उघडलं तेव्हा पानं हिरवी, त्यावर गुलाबी शिरा, सगळं झकास. मी आनंदाने पाणी घातलं आणि विक्रेत्याला पाच तारे देऊन मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन पानांवर करडे, तेलकट डाग दिसले. पान उजेडासमोर धरलं तर डागाची जागा ओल्या कागदासारखी पारदर्शक. पाचव्या दिवशी ती पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबली. मला वाटलं, पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. तिथे चूक झाली.

ही थंडीची इजा होती. तिच्यासाठी पाणी गोठावं लागत नाही. ॲग्लोनेमा आग्नेय आशियातलं, मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलातलं, फिलोडेंड्रॉन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. यांच्या पेशींची आवरणं १० ते १२ अंशांखाली ताठरतात आणि आतलं पाणी बाहेर झिरपू लागतं. ॲग्लोनेमाला तर १३ अंशांतली एखादी लांब रात्रही जड जाते. रोप गारठलेलं असेपर्यंत बाहेरून काही दिसत नाही. उबेत आल्यावर दोन ते पाच दिवसांनी डाग उमटतात. म्हणजे आपल्या घरात येऊन बिघडलं असं वाटतं, पण ते बिघडलेलं असतं तिकडे कुठल्या तरी गोदामात, रात्री दोन वाजता.

कुठून आणि कधी मागवायचं

नकाशा समोर घ्या. उत्तर बंगालमधल्या कलिंपोंगच्या नर्सऱ्या प्रसिद्ध आहेत, रोपंही सुंदर असतात, पण ते गाव साधारण १,२५० मीटर उंचीवर आहे. शिवाय तिथून निघालेलं पार्सल दिल्लीमार्गे आलं तर जानेवारीची रात्र ७-८ अंशांची, नागपूरमार्गे आलं तर १२-१३ अंशांची. पुण्याहून येणारं पार्सल एक-दोन रात्रींत पोचतं, पण पुण्याच्या रात्रीही याच सुमारास ११-१२ अंशांवर येतात. बंगळूर त्यामानाने बरं, १५-१६. थंडीच्या महिन्यांत मी दोनच दिशांनी मागवतो: केरळ, आणि आंध्रातलं राजमहेंद्रीजवळचं कडियम. गोदावरीकाठच्या त्या भागात गावंच्या गावं नर्सरीवर जगतात. केरळमधून येणारी वाट तर समुद्राच्या कडेकडेने येते, रोपाला आपली हवा बदललीय हे कळतसुद्धा नाही.

तारखा पाहा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, १९ ला गोवा मुक्तिदिन, २५ ला नाताळ, मग नवं वर्ष. या सुट्ट्यांमध्ये कुरिअरची गोदामं भरतात आणि पार्सल पडून राहतात. विक्रेत्याला स्पष्ट सांगा: सोमवारी किंवा मंगळवारीच पाठवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात. शुक्रवारी निघालेलं रोप रविवार कुठल्या तरी थंड फरशीवर काढतं.

घाई नसेल तर कार्निव्हल होऊ द्या. कार्निव्हलपासून शिगमो संपेपर्यंतचे दिवस गोव्यात रोपं मागवायला वर्षातले सगळ्यांत चांगले. वाटेतली थंडी सरलेली असते, मे महिन्यातला ट्रकच्या टपाचा ताप अजून लांब असतो आणि पुढे वाढीचा सगळा हंगाम हातात असतो.

काय मागवायचं

डिसेंबर-जानेवारीत मागवायचंच असेल तर मनी प्लांट, सिंगोनियम, साधा मॉन्स्टेरा, झीझी यांपैकी घ्या. त्यांनाही थंडी बाधते, पण ती पुन्हा उठतात. ॲग्लोनेमा, कॅलेथिया, मखमली पानांचं अँथुरियम आणि कळ्या आलेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड या दिवसांत नको. अलोकेशिया वाटेत सगळी पानं टाकतो. तसं झालं तर कुंडी फेकू नका. तो अळवाच्याच कुळातला आहे, मातीत कंद टणक असेल तर फेब्रुवारी-मार्चात कोंब येतो.

फोटो बघून भुलू नका. ‘फोटोतलंच रोप मिळेल’ असं लिहिलंय की ‘नमुना फोटो’, हे वाचा. दुसऱ्या प्रकारात तळहाताएवढ्या पानाऐवजी अंगठ्याएवढं टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेलं रोपटं येतं. ते वाईट नसतं, पण थंडीच्या प्रवासाला फार कोवळं असतं. निळ्या मॉन्स्टेराच्या बिया ही शुद्ध फसवणूक आहे. ‘पिंक काँगो’ नावाने विकल्या जाणाऱ्या फिलोडेंड्रॉनचा गुलाबी रंग औषध देऊन आणलेला असतो, काही महिन्यांत नवी पानं हिरवी येतात. नवख्या माणसाचे हजार-दोन हजार रुपये अशा ठिकाणी जाताना पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. आणि थायलंड-इंडोनेशियातून ‘घरपोच’ पाठवतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार परदेशातून रोपं आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोपाच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर रोप कस्टममध्ये अडकून मरतं. वर, बाहेरची कीड आपल्या बागायतीत आणण्याचं पाप आपल्या माथी.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला मी एवढं विचारतो: रोप कुंडीसकट पाठवणार की मुळं धुऊन? थंडीत मला कुंडीसकट हवं असतं. ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) गुंडाळलेली उघडी मुळं गारठली की कुजतात. कुंडीतलं मिश्रण पाठवण्याआधी दोन दिवस पाणी न देता जवळजवळ कोरडं ठेवाल का? पानांना वर्तमानपत्राचे दोन-तीन थर गुंडाळाल का, आणि खोक्याला भोकं पाडणार नाही ना? उन्हाळ्यात भोकं ठीक, थंडीत त्यातून रात्रीची हवा शिरते. जो विक्रेता या प्रश्नांना नीट उत्तर देतो त्याच्याकडून घ्यावं. जो ‘डोन्ट वरी’ एवढंच लिहितो, त्याला सोडावं.

पार्सल उघडताना

सावलीत उघडा. मोबाइल कोणाच्या तरी हातात द्या आणि खोक्याच्या सहाही बाजूंपासून रोप बाहेर येईपर्यंत एकसलग व्हिडिओ काढा. रोप जिवंत पोचण्याची हमी असली तरी मधेच कापलेला व्हिडिओ बरेच विक्रेते मानत नाहीत. पानं बांधलेली असतील तर दोरा कात्रीने कापा, ओढू नका. कागद ओला लागला तर तो लगेच काढा.

मग खोड चिमटीत धरून हलकेच दाबा. टणक हवं. देठ जिथे खोडाला चिकटतो तिथे बोट फिरवा, थंडीची सड तिथूनच सुरू होते. पानाची खालची बाजू बघा, कारण प्रवासी कीड तिथेच बसलेली असते: कापसासारखे पिठ्या ढेकूण, बारीक जाळी विणणारे लाल कोळी, चंदेरी ओरखडे काढणारे फुलकिडे, आणि शिरेला चिकटलेली खवले कीड.

कुंडी अलगद उलटी करून मुळांचा गोळा एकदा बाहेर काढून बघायला हरकत नाही. पांढरी, साईच्या रंगाची, टणक मुळं चांगली. तपकिरी मूळ बोटांत धरून ओढलं आणि त्याची साल मोज्यासारखी सरकून आत नुसता दोरा उरला, तर ते कुजलंय. वासही येतो, गटारासारखा. मुळं चांगली असतील तर गोळा जसाच्या तसा परत ठेवा. नवी सुंदर कुंडी आणून ठेवलीय म्हणून त्याच दिवशी रोप हलवू नका. अंधार आणि थंडी सोसून आलेल्या रोपाची मुळं त्या दिवशी हलवणं म्हणजे प्रवासातून आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत शेतावर पाठवणं.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत नवा माणूस सगळ्यांत जास्त रोपं मारतो, आणि ती मायेने मारतो.

पाणी: बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नाही. लागली नाही तर दुपारी बारा-एकच्या सुमाराला द्या, पहाटेचं टाकीतलं गार पाणी नको. थंडीने दुखावलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. वरून पानं लोंबलेली दिसतात म्हणून आपण आणखी ओततो आणि उरलीसुरली मुळं गुदमरतात. माझ्या ॲग्लोनेमाचं हेच झालं.

उजेड: चार-पाच दिवस अंधारात राहिलेल्या पानाला एकदम ऊन नको. जुन्या घरांतल्या शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या अजून ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी रोप सरळ तिथे ठेवावं. त्या तावदानातून जो दुधाळ उजेड येतो तो या जंगलातल्या झाडांसाठीच केल्यासारखा आहे. तशी खिडकी नसेल तर पूर्वेच्या खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा. फरशीवर मात्र ठेवू नका. रात्री फरशी गार पडते, पाटावर किंवा स्टुलावर ठेवा.

दमटपणा: जानेवारीत सकाळी जमिनीकडून येणारा वारा कोरडा असतो, ओठ फुटतात तसं कोवळं पानही कडेने वाळतं. दुपारी समुद्रावरून वारा फिरला की बरं होतं. पहिला आठवडा रोपावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल उपडी घालून रोज पाच मिनिटं उघडली तर पुरे. पानांवर संध्याकाळी पाणी शिंपडायची सवय असेल तर मोडा, रात्रभर ओलं राहिलेलं पान डागाळतं.

खत महिनाभर नाही. कुंडी बदलणं निदान पंधरा दिवस नाही. तळाचं एखादं पान पिवळं पडून गळलं तर घाबरू नका. बंद खोक्यात इथिलीन वायू साठतो, त्याने जुनी पानं पिकतात. डाग पडलेलं पान अर्धं जरी हिरवं असेल तरी राहू द्या, तोच त्या रोपाचा स्वयंपाक आहे. मऊ, लिबलिबीत झालेलं पान मात्र लगेच कापून टाका.

आणि हे सगळं घरातल्या बाकीच्या झाडांपासून लांब, दोन ते तीन आठवडे. कीड दिसली तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब घालून पानांच्या खालून पुसा, आठवड्याने पुन्हा. पहिल्यांदा पुसल्याने अंडी मरत नाहीत, म्हणून दुसऱ्यांदा पुसावं लागतंच.

कलम करताना आधी डोळा ओळखा

रोप सावरलं, एक नवं पान आलं की मगच कापायचा विचार करा. अपवाद एकच, खाली सड लागली असेल तर वाट पाहू नका.

सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे मॉन्स्टेराचं सुंदर पान देठासकट तोडून बाटलीत ठेवणं. त्याला मुळंही फुटतात, वर्षभर हिरवं राहतं, पण त्यातून झाड कधीच होत नाही. कारण त्यात डोळा नाही. उसाची कांडी लावताना आपण काय बघतो? पेर आणि पेरावरचा डोळा, जिथून कोंब फुटतो. हेही तसंच. खोडावर जिथे पान चिकटलेलं असतं तिथे कडं असतं, त्याच्या वरच्या अंगाला बारीक उंचवटा, आणि बहुतेकदा खालून तपकिरी हवाई मूळ निघालेलं असतं. ते पेर कलमात आलंच पाहिजे. पेराच्या खाली एक-दोन सेंटिमीटरवर, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने एका झटक्यात कापा. आपल्या रानात पावसाळ्यात झाडांवर चढणारा गणेशकंद बघितला असेल तर प्रत्येक पेरातून मूळ कसं निघतं हे वेगळं सांगायला नको. तोही याच कुळातला.

कापण्याआधी हाताला खोबरेल चोळा, सुरण चिरताना लावतो तसं. या झाडांच्या चिकातही अळू-सुरणातलेच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे कण असतात. मांजर किंवा रांगतं मूल घरात असेल तर तुकडे उघड्यावर सोडू नका.

पहिला सराव मनी प्लांटवर करा. दोन पेरांचा तुकडा, खालचं पान काढलेलं, बाटलीत पेर बुडेल इतकं पाणी, तीन दिवसांनी पाणी बदलायचं. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी ३० अंशांच्या वर जातं, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. रात्री बाटली फ्रिजवर ठेवली तर आणखी लवकर, तिथे उबदार असतं.

महागड्या रोपाला मी पाण्यात घालत नाही. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर त्यांना पुन्हा शिकावं लागतं. अशा रोपांसाठी बाजारातलं स्फॅग्नम मॉस उत्तम, पण गोव्यात माडाचं सोडण दारात पडलेलं असताना ते विकत घेणं मला पटत नाही. सोडणाचे बोटभर तुकडे करा, काथ्या मोकळा करा, आणि दोन दिवस पाण्यात भिजत ठेवून तीनदा पाणी बदला. पहिलं पाणी चहासारखं तांबडं येतं. त्यात क्षार असतात, किनाऱ्याजवळच्या माडांच्या सोडणात जास्तच. पाणी फिकं होईपर्यंत धुतलं नाही तर कोवळं मूळ टोकाला काळं पडतं. मग मुठीत घट्ट पिळा, बोटांतून थेंब पडायचा थांबला की ओल बरोबर आहे. आइस्क्रीमच्या पारदर्शक डब्यात हे भरा, पेर अर्धं गाडा, झाकण लावा आणि दिवसाआड उघडून वारा द्या. डबा पारदर्शक असला की मूळ कुठवर आलं ते बाहेरून दिसतं, उपटून बघायचा मोह होत नाही.

माझ्या त्या ॲग्लोनेमाची कथा इथेच पुरी झाली. पानं गेल्यावर मी खोड खालून चकत्या करत कापत गेलो. पहिली चकती तपकिरी, दुसरी कडेने पिवळी, तिसरीत मध्यावर एक तांबडा ठिपका. चौथी पांढरीशुभ्र, मुळ्याच्या चकतीसारखी. चार बोटं खोड उरलं. सावलीत अर्धा दिवस सुकवलं आणि धुतलेल्या काथ्यावर आडवं ठेवलं, डोळे वरच्या बाजूला. दीड महिना काही नाही. मार्चात एका सकाळी डब्याच्या झाकणाला आतून लागलेल्या दवातून एक गुलाबी टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. आज त्या खोडाची दोन झाडं आहेत. म्हणून सांगतो, चकती पांढरी असेल तर टाकू नका.

मोठ्या मॉन्स्टेराला गुटी कलम करा. जाम-लिंबाला करतो तसंच, फक्त साल काढायची गरज नाही. हवाई मुळाभोवती ओला काथ्या, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीने बांधायची. चार-सहा आठवड्यांत मुळं दिसली की त्याखाली कापा. फांदी मूळ फुटेपर्यंत आईवरच जगते, म्हणून नव्या माणसाला हा प्रकार सगळ्यांत सुरक्षित.

स्नेक प्लांट आणि झीझी पानापासूनही होतात, पण महिने लागतात. पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटचं पान लावलं तर नवं रोप बिनकाठाचं, हिरवं येतं. काठ हवा असेल तर फुटवा वेगळा करा.

मातीत नेताना

मुळं तीन ते पाच सेंटिमीटर झाली आणि त्यांना बाजूची बारीक मुळं फुटली की कुंडीत न्या. अंगणातली तांबडी माती वापरू नका. बागेत ती सोनं आहे, पण कुंडीत विटेसारखी बसते. मी सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट (काथ्याचा भुसा) एक, पर्लाइट (पांढरे हलके खडे) एक, गांडूळखत एक असं घेतो आणि मूठभर कोळशाचे खडे. कुंडी चार इंचीच. मोठ्या कुंडीत मुळांविना पडून राहिलेली ओल आंबते. मातीची कुंडी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात स्वस्त मिळते. मात्र मार्च-एप्रिलमध्ये ती लवकर सुकते, तेव्हा रोज बोट घालून बघावं लागतं. बाहेर ऑफिसात दिवस जात असेल तर प्लास्टिकची बरी.

पहिले आठ दिवस पुन्हा पिशवीखाली, मग हळूहळू उघडं. नवं पान पूर्ण उलगडलं की अर्ध्या मात्रेने पातळ केलेलं खत सुरू करा, पंधरा दिवसांनी एकदा. जूनमध्ये पाऊस लागला की कुंड्या पडवीच्या कडेला आणा, त्या हवेत ही झाडं झपाट्याने वाढतात. फक्त पागोळ्यांच्या रेषेपासून दोन हात आत ठेवा, त्या धारेने कोवळं पान फाटतं आणि कुंडीतलं खत दोन दिवसांत धुऊन जातं.